पहिले दोन किलो

धंदा कसा करावा हे मी जवळजवळ तीस वर्षं लोकांना शिकवलं. स्वतः मात्र आयुष्यात दोनच दिवस धंदा केला, तोही मित्राच्या पिठाच्या गिरणीत, त्याच्या गैरहजेरीत. तेवढ्यात मी लोकांचा महाशिवरात्रीचा उपास मोडून दाखवला. त्यामुळे ‘उद्योजक घडवताना’ या विषयावर काहीतरी लिहा, असा या अंकाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा मला हसूच आलं. घडवायचं राहू द्या, एक चांगला चाललेला माणूस मी जवळजवळ बसवला होता. त्याच्याबद्दलच लिहितो. यशोगाथा लिहायला बाकीचे लोक आहेतच.

आधी माझी नोकरी काय होती ते सांगतो, कारण नातेवाइकांनासुद्धा ती शेवटपर्यंत नीट कळली नाही. आमचं प्रशिक्षण केंद्र भाईंदर पूर्वेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. एक हॉल, चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फळा आणि पावसाळ्यात गळणारा एक कोपरा. ज्यांना स्वतःचं काही सुरू करायचं आहे अशांचा अठरा दिवसांचा वर्ग आम्ही घ्यायचो. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे कामगार यायचे, बंद पडलेल्या कंपन्यांतली माणसं यायची, पापड-मसाले करणाऱ्या बायका यायच्या. गिऱ्हाईक कसं ओळखायचं, जागा कशी निवडायची, माल वाया कसा जाऊ द्यायचा नाही, हे मी शिकवायचो. मशीन कसं निवडायचं आणि कसं सांभाळायचं, हे शेजारच्या टेबलावरचा दिगंबर शिकवायचा.

वर्ग संपला की खरं काम सुरू व्हायचं. प्रत्येकानं काय दिवे लावलेत ते पुढची दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, त्याच्या दुकानात जाऊन बघायचं आणि चार पानी फॉर्म भरायचा. भांडवल, अनुभव, घरच्यांचा पाठिंबा, जागा, स्पर्धा, अशी सगळी चौकशी त्यात असायची. अगदी शेवटचा प्रश्न असायचा, ‘आपण आपल्या व्यवसायाबाबत किती समाधानी आहात?’ त्यापुढे एक ते पाच आकडे आणि खाली उद्योजकाची सही. धंदा कशानं चालतो याचं उत्तर या फॉर्मांच्या गठ्ठ्यातून कधीतरी निघेल, असं आमच्या वरच्या साहेबांना मनापासून वाटायचं.

निघालं काहीच नाही. एका गृहस्थांनी मोक्याच्या जागी भेटवस्तूंचं दुकान टाकलं होतं. काचा, दिवे, एसी, सगळं थाटात. पहिल्या भेटीत त्यांनी पाच आकड्याला असा गोल केला की कागद फाटला. पण नुसतं बघायला आलेल्या माणसावर ते खेकसायचे, कारण वाट बघणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या भेटीला गेलो तर तिथे मोबाइलवाला बसला होता. याच्या उलट खाखरे करणाऱ्या एक गुजराती बेन. एका खोलीत सुरुवात केली होती, वर्षाच्या आत हाताखाली चार बायका ठेवल्या, आणि दर वेळी समाधान मात्र दोन. मी एकदा न राहवून विचारलं, एवढं छान चाललंय तर दोनच का? त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मास्टर, पाच लिखूँगी तो लक्ष्मी बोलेगी, इसका हो गया, चलो दूसरे घर.” हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

आता एक गोष्ट कबूल करतो. अशा प्रत्येक दुकानातून बाहेर पडताना माझ्या पोटात दुखायचं. बुडणाऱ्यांचाही मला हेवा वाटायचा, कारण ते निदान पाण्यात उतरले होते. मी काठावर उभा राहून पोहायला शिकवत होतो आणि एक तारखेला पगार घेत होतो. पण हा हेवा किरकोळ होता, घरी पोचेपर्यंत विरायचा. दिगंबरचा हेवा विरला नाही.

दिगंबर आणि मी दोघेही रत्नागिरीकडचे. गावं वेगळी, पण बोलण्याचा हेल एकच. दुपारच्या डब्याला आम्ही समोरासमोर बसायचो आणि रोज एकच विषय, ही नोकरी सोडायची आणि दोघांनी मिळून पिठाची गिरणी काढायची. नुसती गहू-तांदळाची नव्हे. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, आंबोळीचं पीठ, उपासाची भाजणी, असं सगळं. मुंबईतून इकडे राहायला आलेल्या आमच्यासारख्यांची घरं वाढत होती आणि भाजणी भाजून दळून आणायला कुणाला वेळ नव्हता. ही कल्पना माझी. जागाही मीच शोधली. नवघरच्या वस्तीतून इंद्रलोक वसाहतीकडे जाताना जिथे रस्ता वळतो, तिथे तीन रविवार उभं राहून डबे घेऊन जाणाऱ्या बायका मी मोजल्या होत्या. मशीन दिगंबरनं निवडलं. ते चालवायला आम्ही दोघांनी एकाच माणसाकडे शिकून घेतलं. राजीनाम्याचे दोन अर्ज दिगंबरनं एकाच बैठकीत टाइप केले. मजकूर तोच, फक्त नाव वेगळं.

ठरल्या दिवशी त्यानं आपला अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. माझा खिशातच राहिला. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, अडवलं असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. तिनं अडवलं नव्हतं. तिनं फक्त विचारलं होतं, “नक्की ना?” आणि मला नक्की नव्हतं. मी घाबरलो, एवढंच.

दिगंबरनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर फार बरं झालं असतं. त्यानं एकट्यानं गिरणी काढली, त्याच वळणावर. नारळ मी फोडला. आणि नोकरी सोडून धंद्यात आलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आल्यामुळे दर सहा महिन्यांनी त्याच्याकडे फॉर्म घेऊन जाणं माझ्याच नशिबी आलं.

गिरणी छान चालली. मला तिच्यात खोट सापडेना, आणि मी ती शोधायला जात होतो हे मला ठाऊक होतं. त्याची बायको शैला घरी भाजणी भाजायची आणि तो दळायचा. गावातल्या आगरी बायका भाकरीचे तांदूळ आणायच्या, मारवाडी बाजरी आणायचे, आमची माणसं भाजणी न्यायची. प्रत्येकाशी त्याच्या त्याच्या भाषेत दोन शब्द बोलायचे, आणि दळणात मात्र एक दाणा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. गिरणीत काय होतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. एक धान्य दळून झालं तरी दगडांच्या फटीत आणि पेटीत मूठ-दोन मुठी पीठ अडकून राहतं. ते पुढच्याच्या दळणात जातं. गव्हानंतर गहू दळला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण गव्हानंतर उपासाचं दळलं तर उपासाच्या पिठात गहू आला.

म्हणून दिगंबरनं नियम केला होता. उपासाचं दळण दर गुरुवारी दुपारी आणि मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी. त्याआधी मशीन उघडून ब्रश मारायचा. मग स्वतःच्या पदरचा दोन किलो राजगिरा दळायचा आणि ते पीठ कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. ते विकायचं नाही. नवघर गावातली गोमाबाय नावाची म्हातारी येऊन तो डबा कोंबड्यांसाठी रिकामा करून न्यायची. त्यानंतरच गिऱ्हाइकाचा पहिला डबा मशीनवर चढायचा. मी माझ्या दुसऱ्या भेटीच्या फॉर्मवर शेरा मारला, ‘राजगिऱ्याची अनावश्यक नासाडी. ब्रशने काम भागू शकते.’ त्याला वाचूनही दाखवला. तो हसला आणि म्हणाला, “बरं लिहिलंयस.” आणि पुढच्या गुरुवारी परत दोन किलो टाकले.

शेवटच्या प्रश्नाला तो दर वेळी एकच उत्तर द्यायचा. मशीनच्या आवाजात हाताची पाच बोटं दाखवायचा. मी मान डोलवायचो आणि तीनवर गोल करायचो. पहिल्यांदा केला तेव्हा हात थोडा अडला, नंतर सवय झाली. मनाची समजूत अशी घातली होती की माणूस मित्राला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगतो, अनुभवी प्रशिक्षकानं ते कमी करून घ्यायला हवं. खरं कारण एवढंच, की माझ्या जागेवर, माझ्या कल्पनेवर, माझ्याशिवाय एखादा माणूस पूर्ण समाधानी आहे, हे मला माझ्या अक्षरात लिहवत नव्हतं. त्या वर्षीच्या अहवालात ‘नोकरी सोडून व्यवसायात आलेल्यांचे समाधान मध्यम’ असं वाक्य आलं. तसे दोघे-तिघेच होते. साहेबांनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं आणि मी मागे उभा राहून ऐकलं.

घरीही सुटका नव्हती. थालीपीठ जिभेवर ठेवलं की सुनंदा म्हणायची, दिगंबर भावोजींच्या हाताला काही वेगळंच आहे. थालीपीठ ती करायची, भाजणी शैला भाजायची, आणि नाव दिगंबरचं. मी मुकाट्यानं दुसरं मागून घ्यायचो, कारण थालीपीठ खरंच चांगलं असायचं.

असं दीड वर्ष गेलं. त्या साली शिवरात्रीच्या तीन-चार दिवस आधी दिगंबर संध्याकाळी आमच्याकडे आला. चिपळूणला त्याच्या बहिणीचे यजमान वारले होते आणि बारावा नेमका शिवरात्रीच्या आदल्या दिवशी येत होता. बहिणीला मूलबाळ नव्हतं, विधी दिगंबरलाच करायचे होते, त्यामुळे त्याला आणि शैलाला दोघांनाही जाणं भाग होतं. गिरणी बंद ठेवली तर लोकांना उपासाचं पीठ मिळणार नाही. “दोन दिवस तू बघशील का?” तो म्हणाला. “मशीन तुझ्या हातातलं आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण किल्ली हातात आली आणि मला जे वाटलं ते आजही आठवतं. आता दाखवतो, असं वाटलं. गिरणी माझ्या हातात असती तर कशी चालली असती, ते सगळ्यांना दोन दिवसांत कळेल. मी रजा टाकली. दिगंबरनं जाताना मशीनशेजारच्या भिंतीवर कागद चिकटवून ठेवला होता, फळ्यावर लिहायचा तशा मोठ्या अक्षरात. पट्टा कधी बघायचा, दगड तापले तर काय करायचं, आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित, ‘उपासाचं लावण्याआधी ब्रश. मग आपला राजगिरा दोन किलो दळून डब्यात टाकणे. विकायचा नाही.’

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, सकाळपासून गहू चालू होता. दुपारी उपासाच्या डब्यांची रांग लागली. पहिला नंबर आठल्ये काकूंचा. काकू आमच्या शेजारच्या इमारतीत राहायच्या, एकट्याच, सत्तरीच्या पुढे. स्वतः भाजलेली उपासाची भाजणी स्टीलच्या डब्यात घेऊन त्या मशीनशेजारी उभ्या होत्या. मी मशीन उघडलं, ब्रश मारला, चांगला खसाखसा मारला. राजगिऱ्याची पिशवी समोरच होती. रांगेकडे बघितलं. फॉर्मवरचा माझाच जुना शेरा आठवला. माल वाया जाऊ द्यायचा नाही, हे मी शेकडो लोकांना शिकवलेलं. दिगंबर परत आला की त्याला सांगेन, बघ, दोन किलो न टाकता सगळं झालं, आणि रांगही अर्ध्या वेळात संपली. मी काकूंचा डबा घेतला आणि सरळ मशीनमध्ये ओतला.

संध्याकाळी गोमाबाय डबा न्यायला आली. आत वाकून बघितलं. “तुजा दोस्त न्हाय का आज? डब्यान काय न्हाय.” मी तिला थाटात सांगितलं, की आज काही वाया घालवलं नाही. ती म्हणाली, “बरा,” आणि गेली. त्या दिवशी अठरा जणांचं उपासाचं दळण मी करून दिलं. दिगंबरनं एका दुपारी कधी एवढं केलं नव्हतं, आणि शटर ओढताना मी शीळ घालत होतो.

शिवरात्रीच्या सकाळी दिगंबर परतला. मी किल्ली द्यायला गेलो, खरं तर शाबासकी घ्यायला गेलो. तो नुकताच आला होता, डोक्यावर तुळतुळीत टक्कल, डोळे जागरणानं सुजलेले. अठरा डबे, असं मी म्हणतोय तोच आठल्ये काकू आल्या. हातात ताटली, ताटलीत अर्धं थालीपीठ.

काकू ओरडल्या नाहीत. ताटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, “दिगंबर, चाळीस वर्षं उपासाचं थालीपीठ करतेय. उलटताना ते कडेला मोडतंच. आज मोडलं नाही. गोल चंद्रासारखं निघालं. मी खूश होऊन खायला बसले आणि अर्ध्यात लक्षात आलं, हे मोडलं का नाही? यात गहू आहे रे.”

दिगंबरनं थालीपिठाचा तुकडा तोडला, बोटात चुरला. मग त्यानं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंच नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. ती एकच वेळ होती. पण मनात एक नीच विचार येऊन गेला, की बघू या आता हा काय करतो.

“माझी चूक, काकू,” दिगंबर म्हणाला. “गावाला जायच्या गडबडीत मोहनला सांगायचं राहिलं. मशीन आधी राजगिऱ्यानं धुऊन घ्यायचं असतं, त्याला काय माहीत.”

काकू म्हणाल्या, “बरं. मी उद्या करीन परत उपास.” आणि ताटली घेऊन गेल्या.

मग दिगंबरनं भिंतीवरचा कागद हळूच सोडवला, घडी केली आणि खिशात घातली. उपासाच्या दळणाची नावं वहीत लिहून ठेवायला त्यानं मला सांगितलं होतं. ती नावं मीच लिहिली होती. वही काढून त्यानं शटर खाली ओढलं. शिवरात्रीचा दिवस, भाजणीला गिऱ्हाइकं येणार, आणि हा शटर ओढून निघाला. अठराही घरांत जाऊन सांगायचं होतं, की ते पीठ खाऊ नका, गहू असेल. ज्यांनी खाल्लं असेल त्यांची माफी मागायची. “येतोस?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, ऑफिसात जायचंय. मला शिवरात्रीची सुट्टी होती, आणि त्याला ते माहीत होतं. तो एकटाच गेला, उन्हात, टक्कल घेऊन. मी घरी येऊन पडलो.

आता त्याचं दुकान बसणार, अशी मला भीती वाटत होती. आसपास दुसऱ्या तीन गिरण्या होत्या. उपासाचं पीठ म्हणजे विश्वासाचा मामला, एकदा गेला की गेला. भीती खरी होती, पण तिच्याखाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते काय होतं ते इथे परत सांगत नाही.

दुकान बसलं नाही. सहा महिन्यांत उपासाच्या दळणाची रांग दुप्पट झाली. इंद्रलोकच्या पलीकडून लोक यायला लागले. माझी चूकसुद्धा त्यालाच फळली. मी शेवटचा फॉर्म घेऊन गेलो, त्यानं पाच बोटं दाखवली, मी तीनवर गोल केला, त्यानं सही केली. नोकरीत मी किती तरी धंदे का चालले आणि का बुडाले ते वर्गात समजावून सांगितलं असेल. हा धंदा का वाढला ते मला सांगता येईना. लोक भोळे असतात, माफी मागितली की विरघळतात, असं काहीतरी मी ठरवून टाकलं. खरी गोष्ट आमच्या दोघांत आहे आणि तो ती कधी बोलणार नाही, या भरवशावर मी पुढची सहा-सात वर्षं काढली.

निवृत्त झालो तेव्हा इमारतींमधून पेढे वाटले. आठल्ये काकूंकडे गेलो. काकू आता ऐंशीच्या घरात, काठी घेऊन चालायच्या. पेढा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. “खव्याचाच ना रे? मैदा नाही ना यात?” त्या म्हणाल्या. “आज शनिवार माझा. तुझ्या हातचं विचारून घेतलेलं बरं.”

मी विचारलं, म्हणजे काय?

“म्हणजे काय म्हणजे? भिंतीवर कागद होता, एवढाल्या अक्षरात. तू ब्रश मारत होतास तोवर मी उभीच होते, दुसरं काय वाचणार? तीनदा वाचला. दोन किलो डब्यात टाकणे, विकायचा नाही. मग तू माझाच डबा ओतलास. मला वाटलं, आधीच करून ठेवलं असेल.”

“आणि दिगंबर म्हणाला, की सांगायचं राहिलं, तेव्हा?”

“तेव्हा मी बरं म्हटलं. दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेणारा माणूस माझ्या दळणात कशाला काही घालेल? मी तर हे सगळं सगळ्या बायकांना सांगितलं, आणि म्हटलं, पीठ आणायचं तर तिथूनच आणा.” काकूंनी पेढा तोंडात टाकला. “चांगला आहे.”

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ज्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं सोसायटीच्या सभांना बसलो, ज्यांच्या मुलांना धंद्याबद्दल सल्ले दिले, त्या सगळ्यांच्या घरात. घरी आलो. सुनंदा मेथी निवडत होती. तिला विचारलं, तुला माहीत होतं? ती मान वर न करता म्हणाली, “त्याच आठवड्यात कळलं. मला वाटलं, तू सांगशील.”

चार-पाच दिवस मी त्या वळणावरून गेलोच नाही. गुरुवारी दुपारी गेलो. उपासाच्या दळणाची वेळ होत आली होती, बाहेर दोन-तीन बायका येऊन थांबल्या होत्या. दिगंबर एका हातानं मशीन उघडत होता, दुसऱ्या हाताचा खांदा आखडला होता त्याचा. मी आत जाऊन उभा राहिलो आणि त्या शिवरात्रीचं जे होतं ते सगळं सांगितलं. ब्रश मारल्याचं, रांग बघितल्याचं, शेरा आठवल्याचं, आणि त्याच्याखाली जे होतं तेही सांगितलं. तो ऐकत ऐकत ब्रश शोधत होता.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “डबा रिकामा होता ना रे.”

मी म्हटलं, अजून एक आहे. तू पाच म्हणायचास, मी फॉर्मवर तीन लिहायचो.

“तेही माहीत आहे. खाली सही कोण करायचं?”

“मग बोलला का नाहीस?”

त्यानं ब्रश माझ्या हातात दिला. “मला वाटायचं, तो आकडा तू तुझा लिहितोयस.”

त्यानं राजगिऱ्याची पिशवी पायानं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, की आज हात वर जात नाही, आजचे दोन किलो तू घाल. मी मशीनला ब्रश मारला. राजगिरा ओतला. पहिलं पीठ गव्हाळ पडलं, मग हळूहळू त्याचा रंग बदलत गेला. सगळं डब्यात पडेपर्यंत मी तिथून हललो नाही. चांगला, निवडलेला राजगिरा होता, टाकताना जीव तुटत होता. तेवढा वेळ मला दिगंबरचा हेवा वाटला नाही. एवढ्या वर्षांत तेवढाच वेळ.

रांगेतली पहिली बाई डबा घेऊन पुढे आली. माझ्याकडे बघितलं, डबा स्वतःजवळच धरून ठेवला, आणि माझ्या खांद्यावरून मागे दिगंबरला विचारलं, “पहिले टाकले ना?”

“टाकले,” दिगंबर म्हणाला. “मी बघितलं.”

तेव्हा तिनं डबा माझ्या हातात दिला.